जीएनआयची लांब मालिका बांधायची तर आधी जोड कुठे आहेत ते शोधा

मी साताऱ्यात एम.ए.च्या वर्गाला अर्थशास्त्र शिकवते. फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रकल्पांचे मसुदे टेबलावर येऊन पडतात आणि त्यात एक आलेख हमखास असतो: भारताचं राष्ट्रीय उत्पन्न, स्थिर किमतींना (म्हणजे सगळी वर्षं एकाच ठरावीक वर्षाच्या भावांनी मोजून), १९५०-५१ पासून आजपर्यंत. रेघ संथपणे चढत येते आणि २०१२-१३ ला भिंतीसारखी उभी राहते. एका मुलानं तर खाली कारणमीमांसाही केली होती, त्या वर्षी उत्पन्न पंचाहत्तर टक्क्यांनी वाढलं म्हणे, धोरणात्मक सुधारणांमुळे. मी विचारलं, "अरे, तुझ्या घरी त्या वर्षी कुणाचा पगार एवढा वाढला होता का?" तर उत्तर आलं, "मॅडम, आकडे सरकारीच आहेत."

होते सरकारीच. २०११-१२ चा सुमारे ५२ लाख कोटींचा आकडा २००४-०५ च्या किमतींना होता आणि २०१२-१३ चा ९२ लाख कोटींचा आकडा २०११-१२ च्या किमतींना. पहिला घटक किमतींना (अप्रत्यक्ष कर वगळून, अनुदानं धरून), दुसरा बाजारभावानं. आणि दोन्ही होते जीडीपीचे, आलेखावर मात्र 'राष्ट्रीय उत्पन्न' लिहिलेलं. आकडे आपापल्या जागी बरोबर; एकाखाली एक ठेवले म्हणून निकाल चुकला.

एखाद्या देशाचं स्थूल राष्ट्रीय उत्पन्न, म्हणजे जीएनआय, चाळीस-पन्नास वर्षांच्या पल्ल्यावर मोजायचं असेल तर सगळी मेहनत या 'एकाखाली एक ठेवण्यात' आहे. वजाबाकी-भागाकार सहावीतल्या मुलालाही येतो. उदाहरण भारताचंच घेते, कारण त्याचे जोड, म्हणजे एक मालिका संपून दुसरी सुरू होते त्या जागा, मला पाठ आहेत.

आधी ठरवा, कुणाचं उत्पन्न मोजताय

जीडीपी म्हणजे देशाच्या हद्दीत जे पिकलं, बनलं, सेवा म्हणून दिलं गेलं त्याचं मोल, मग ते कुणाच्या का मालकीचं असेना. जीएनआय म्हणजे देशाच्या रहिवाशांच्या वाट्याला आलेलं उत्पन्न. जीडीपीत परदेशातून आलेलं प्राथमिक उत्पन्न मिळवायचं, परदेशी गेलेलं वजा करायचं, झालं जीएनआय. प्राथमिक उत्पन्न म्हणजे मजुरी-पगार, व्याज, लाभांश, नफा.

व्याख्या दोन ओळींची आहे, पण विद्यार्थी अडखळतात ते 'रहिवासी' या शब्दावर. इथे पासपोर्ट बघत नाहीत. माणसाचं बिऱ्हाड कुठे आहे, वर्षभराहून जास्त काळ तो कुठे राहतो, ते बघतात. न्यू जर्सीत पाच वर्षं नोकरी करणारा कोथरूडचा मुलगा हिशेबापुरता अमेरिकेचा रहिवासी. त्याचा पगार अमेरिकेच्या जीएनआयमध्ये. तो दर महिन्याला आईला पाठवतो ते पैसे भारताच्या जीएनआयमध्ये येतच नाहीत. ते हस्तांतरण, आणि त्याची जागा पुढच्या पायरीवर, म्हणजे राष्ट्रीय व्यययोग्य उत्पन्नात. गोव्यातला तारवटी मात्र परदेशी कंपनीच्या जहाजावर वर्षातले आठ-नऊ महिने काढत असला तरी त्याचं घर गोव्यात असतं, म्हणून तो भारताचाच रहिवासी आणि त्याचा पगार भारताच्या जीएनआयमध्ये धरला जातो. शिकायला बाहेर गेलेला विद्यार्थी कितीही वर्षं तिकडे राहिला तरी रहिवासी मायदेशाचाच.

अनिवासी भारतीयांनी घरी पाठवलेला पैसा २०२२ मध्ये शंभर अब्ज डॉलरच्या वर गेला. "भारताचं जीएनआय जीडीपीपेक्षा मोठं असणार, एवढे पैसे येतात ना," असं जे मला दरवर्षी कुणीतरी सांगतं ते याच आकड्यामुळे. उलट आहे. भारताचं जीएनआय जीडीपीपेक्षा थोडं कमीच भरतं, कारण परदेशी भांडवलावरचा नफा आणि कर्जावरचं व्याज बाहेर जातं. त्यातही एक खुबी आहे. चाकणच्या जर्मन मोटार कारखान्यानं यंदाचा नफा मायदेशी पाठवलाच नाही, इथेच नवीन शेड बांधली, तरी हिशेबात तो नफा आधी मालकाला गेला असं धरतात आणि मग तीच रक्कम गुंतवणूक म्हणून परत आली असं दाखवतात. बँकेतून एक रुपया हलला नाही तरी जीएनआय कमी होतं.

हे नियम सगळे देश सारख्याच काटेकोरपणे पाळत नाहीत. फिलिपिन्समध्ये परदेशी काम करणाऱ्यांची कमाई प्राथमिक उत्पन्नात धरायची रीत आहे, त्यामुळे तिथलं जीएनआय जीडीपीपेक्षा ठळक मोठं दिसतं. दोन देश शेजारी-शेजारी मांडणार असाल तर पद्धतीची टीप वाचल्याशिवाय मांडू नका.

भारतात फरक एक-दीड टक्क्याचा, मग एवढा आटापिटा कशाला, असं वाटेल. आयर्लंड बघा. २०१५ साली त्यांचा जीडीपी एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं. काही बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री आयर्लंडमध्ये हलवली होती, डब्लिनच्या रस्त्यावर काहीच बदललं नव्हतं. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमननी त्याला 'लेप्रेकॉन इकॉनॉमिक्स' म्हटलं; लेप्रेकॉन म्हणजे आयरिश लोककथांतला जादूचा बुटका. जीएनआय काढलं तरी सगळी सूज उतरत नव्हती, म्हणून २०१७ पासून आयर्लंडचं सांख्यिकी कार्यालय 'सुधारित जीएनआय' वेगळं छापतं. त्यात आयात केलेल्या बौद्धिक संपदेचा आणि भाड्यानं दिलेल्या विमानांचा घसारा वगळतात, आणि फक्त मुख्यालय तिकडे नेलेल्या कंपन्यांचा नफाही. आता हा सुधारित आकडा जीडीपीच्या निम्म्याच्या आसपास असतो. अशा देशात जीडीपीची रेघ काढून 'राहणीमान वाढलं' म्हणणं म्हणजे शुद्ध फसवणूक.

आकडे कुठून घ्यायचे

भारतासाठी मूळ जागा एकच, सांख्यिकी मंत्रालयाची राष्ट्रीय लेखा आकडेवारी. पूर्वी केंद्रीय सांख्यिकी संघटना हे काम करायची, २०१९ पासून राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय. लांब मालिका एका जागी हवी असेल तर रिझर्व्ह बँकेची वार्षिक सांख्यिकी पुस्तिका सोयीची, एक्सेलमध्ये मिळते. परदेशातून आलेल्या-गेलेल्या प्राथमिक उत्पन्नाचा तपशील हवा तर रिझर्व्ह बँकेचेच व्यवहारतोलाचे, म्हणजे देशाच्या परदेशांशी झालेल्या देण्याघेण्याचे, तक्ते.

जागतिक बँकेचा तक्ता उतरवून घेणं सगळ्यात सोपं आणि म्हणूनच सगळे तेच करतात. घ्या, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तिथे भारतापुढे '२०११' लिहिलेलं असतं ते एप्रिल २०११ ते मार्च २०१२ चं आर्थिक वर्ष. ते न कळल्यानं कितीतरी प्रकल्पांत पावसाचे आकडे एका वर्षाचे आणि उत्पन्नाचे दुसऱ्या वर्षाचे जुळवलेले मी पाहिलेत. दुसरं, एककं. लाख कोटी म्हणजेच ट्रिलियन, दहा लाख म्हणजे मिलियन, शंभर कोटी म्हणजे अब्ज. पहिल्या रकान्यातच एकक लिहून टाका. जाता जाता एक गंमत, १९९३ च्या संयुक्त राष्ट्रांच्या लेखा-पद्धतीत जीएनपीचं नाव जीएनआय झालं, पण जागतिक बँकेच्या त्या तक्त्याच्या कोडात अजून जीएनपी हीच अक्षरं आहेत. जुन्या पुस्तकातलं जीएनपी दिसलं तर बिचकू नका, तीच वस्तू आहे. फक्त बाजारभावानं आहे की घटक किमतींना ते बघा. २०१५ पर्यंत आपल्याकडे ठळक आकडा घटक किमतींचा छापायचे, त्यात अप्रत्यक्ष कर नसतात आणि अनुदानं असतात. तुम्हाला हवं ते बाजारभावाचं जीएनआय.

आणि वर्तमानपत्रात 'दरडोई उत्पन्न' म्हणून जे छापून येतं ते बहुतेक वेळा निव्वळ राष्ट्रीय उत्पन्नाचं असतं, म्हणजे घसारा वजा जाता. ते स्थूल मालिकेत घुसडू नका.

१९५० च्या मागे जायचा मोह होतो. दादाभाई नौरोजींनी १८६७-७० साठी माणशी २० रुपये उत्पन्न काढलं, व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९३१-३२ चा अंदाज बांधला. दोन्ही मोठी कामं. पण दादाभाईंनी शेती आणि इतर मालाचं उत्पादन मोजलं, सेवा सोडल्या. रावांची पद्धत निराळी. या ठिपक्यांमधून रेघ ओढून 'साठ वर्षांत उत्पन्न तिप्पट' असं लिहिणं चूक. सलग सरकारी हिशेब सुरू झाला तो ऑगस्ट १९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीपासून. अध्यक्ष महालनोबिस, सदस्य राव आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. तिथून पुढे चाला.

कोणत्या तारखेचा आकडा?

एकाच वर्षाचे आकडे अनेक असतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहिला आगाऊ अंदाज येतो, फेब्रुवारीअखेर दुसरा, मेअखेर हंगामी अंदाज, मग पहिला सुधारित, दुसरा सुधारित... २०२०-२१ चं घ्या. मे २०२१ मध्ये जीडीपी ७.३ टक्के घटल्याचं सांगितलं, जानेवारी २०२२ मध्ये ती घट ६.६ झाली, फेब्रुवारी २०२३ मध्ये ५.८. २०२३-२४ ची वाढ मे २०२४ मध्ये ८.२ टक्के होती, फेब्रुवारी २०२५ मध्ये ९.२ झाली. यात घोटाळा नाही. कंपन्यांचे ताळेबंद, राज्यांचे हिशेब, पिकांचे अंतिम अंदाज सवडीनं येतात आणि आधी अंदाजानं भरलेल्या जागा खऱ्या आकड्यांनी भरल्या जातात.

सातबाऱ्याला जशी फेरफाराची नोंद लागते तशी प्रत्येक आकड्याला लावा. वर्ष, आकडा, कोणता अंदाज, कोणत्या तारखेच्या प्रसिद्धीतून, पायाभूत वर्ष (ज्या वर्षाच्या किमती धरल्या ते) कोणतं. पाच रकाने. कंटाळवाणं आहे, मान्य. पण सहा महिन्यांनी मार्गदर्शक विचारतात "हा आकडा कुठून आणला?" तेव्हा घाम फुटत नाही. नियम एवढाच: शेजारची दोन वर्षं एकाच प्रसिद्धीतून घ्या. मेमधलं यंदाचं आणि तीन वर्षांपूर्वी उतरवून ठेवलेलं गेल्या वर्षीचं, असं कडबोळं करून वाढीचा दर काढू नका.

जोड

भारताच्या मालिकेचे पाये असे: १९४८-४९, १९६०-६१, १९७०-७१, १९८०-८१, १९९३-९४, १९९९-२०००, २००४-०५, २०११-१२. त्यापुढचं पायाभूत वर्ष २०२२-२३ ठरलं. मी इथे जे आकडे देते आहे ते २०११-१२ पायाच्या मालिकेतले. पाया बदलला की आकडे वेगळे दिसतील, करायचं काम तेच.

पाया बदलणं म्हणजे फक्त किमतींचं वर्ष बदलणं नव्हे. त्याबरोबर माहितीचे स्रोत बदलतात, व्याख्या बदलतात, नव्या गोष्टी मोजणीत येतात. ३० जानेवारी २०१५ ला आलेल्या २०११-१२ च्या मालिकेत खासगी कंपन्यांसाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची लाखो ताळेबंदांची माहिती वापरली, आधीसारखा थोड्या कंपन्यांचा नमुना नाही. २०१३-१४ ची वाढ जुन्या मालिकेत ४.७ टक्के होती, नव्या मालिकेनं ती ६.९ दाखवली. त्यावर जो गदारोळ झाला तो वयानं मोठ्या वाचकांना आठवत असेल.

आता प्रत्यक्ष जोड करून दाखवते. चालू किमतींचे (त्या-त्या वर्षाच्याच भावांचे), बाजारभावानं जीडीपीचे आकडे घेऊ, म्हणजे पायाभूत वर्षाच्या किमती बदलल्याचा घोळ मध्ये येणार नाही. जुन्या मालिकेत २०१०-११ चा जीडीपी ७७.८४ लाख कोटी आणि २०११-१२ चा ९०.१० लाख कोटी. नव्या मालिकेत २०११-१२ चा ८७.३६ लाख कोटी. तेच वर्ष, त्याच चालू किमती, तरी आकडा पावणेतीन लाख कोटींनी कमी. म्हणजे २०११-१२ हे दोन्ही मालिकांत असलेलं वर्ष, तिथे टाका घालायचा.

भागाकार करा: ८७.३६ भागिले ९०.१०, म्हणजे ०.९६९६. हा जोड-गुणक. जुन्या मालिकेतल्या मागच्या प्रत्येक वर्षाला यानं गुणा. २०१०-११ चे ७७.८४ होतात ७५.४७. असंच मागे जात राहा. त्याच्या आधीचा पाया आला की पुन्हा सामाईक वर्ष शोधा, पुन्हा गुणक काढा, आधीच्या गुणकानं गुणा. बेरीज-वजाबाकी करून 'पावणेतीन लाख कोटींचा फरक आहे ना, मग सगळ्या वर्षांतून पावणेतीन लाख कोटी काढू' असं करणारेही भेटतात. तसं केलं तर १९७० च्या आसपास देशाचं उत्पन्न उणे होईल.

या गुणाकारानं जुन्या मालिकेचे वाढीचे दर जसेच्या तसे राहतात, २०११-१२ ची चालू किमतींची वाढ १५.७ टक्के. पण सांख्यिकी संघटनेनं नोव्हेंबर २०१८ मध्ये २००४-०५ पर्यंतची मालिका नव्या पद्धतीनं मागे नेऊन पुन्हा मोजली. तिच्यात २०१०-११ चा आकडा ७६.३४ लाख कोटी आहे. आपल्या टाक्यानं आले ७५.४७. म्हणजे त्यांच्या हिशेबानं २०११-१२ ची वाढ १४.४ टक्केच. स्थिर किमतींमध्ये हा फरक आणखी ठसठशीत दिसतो: २०१०-११ ची वाढ जुन्या मालिकेत १०.३ टक्के होती, मागे नेलेल्या मालिकेत ८.५ झाली.

कोणतं खरं? त्या वर्षी त्यावर राजकारण पेटलं, दोन सरकारांच्या कारभाराचा निवाडा एका तक्त्यावर लागणार असं सगळे समजून बसले. माझं मत असं: अधिकृत पुनर्मोजणी उपलब्ध आहे त्या वर्षांसाठी ती घ्या, कारण निदान व्याख्या एकसारख्या राहतात, मात्र नव्या मोजणीला लागणारी माहिती मागच्या वर्षांसाठी नसतेच, तिथे गृहीतकं घालावी लागली आहेत, हे लिहा. त्याच्या मागच्या वर्षांना गुणक लावा. आणि निष्कर्ष एका टक्क्याच्या इकडे-तिकडे होण्यावर लटकत असेल तर तो निष्कर्षच काढू नका. १९५०-५१ पर्यंत जोडून दिलेल्या तयार मालिकाही मिळतात. वापरा खुशाल, पण एखादा जोड स्वतः करून ताडून बघा.

एक दुष्परिणाम सांगून ठेवते. शेती, उद्योग, सेवा यांच्या मालिका वेगवेगळ्या जोडल्या तर त्यांची बेरीज जोडलेल्या एकूण आकड्याशी जुळणार नाही. प्रत्येकाचा गुणक वेगळा असतो, म्हणून. जुळवून घ्यायला आकडे ढकलू नका. 'बेरीज जुळत नाही' ही टीप पुरते.

हे सगळं जीडीपीचं झालं. जीएनआयला यायला निव्वळ प्राथमिक उत्पन्न वेगळं ठेवा. २०११-१२ मध्ये ते उणे सुमारे पाऊण लाख कोटी होतं, म्हणून जीएनआय ८६.६० लाख कोटींच्या घरात. जीडीपी आणि जीएनआय दोन्ही वेगवेगळे जोडण्यापेक्षा जीएनआयचीच मालिका थेट जोडा आणि ताळा म्हणून दोघांचं गुणोत्तर काढा. भारतासाठी ते सगळ्या वर्षांत ०.९८ ते १ च्या आसपास यायला हवं. मधेच कुठे ०.९३ किंवा १.०४ दिसलं तर समजा की त्या ओळीत घटक किमतींचा आकडा घुसलाय.

महागाई बाजूला काढणं

२०२३-२४ चा जीडीपी चालू किमतींना ३०१.२३ लाख कोटी, स्थिर किमतींना १७६.५१. २०२४-२५ च्या हंगामी अंदाजात अनुक्रमे ३३०.६८ आणि १८७.९७. चालूला स्थिरनं भागा, डिफ्लेटर मिळतो: १.७०७ आणि १.७५९. म्हणजे त्या वर्षी अर्थव्यवस्थेतल्या एकूण किमती सुमारे ३ टक्के वाढल्या, ९.८ टक्क्यांच्या वाढीतली खरी वाढ ६.५ टक्के. हा डिफ्लेटर आणि किरकोळ महागाईचा निर्देशांक एक नव्हेत. डाळ-तांदूळ-पेट्रोलच्या टोपलीचा निर्देशांक पोलाद, सॉफ्टवेअर, सरकारी सेवा यांना लावून चालत नाही.

जीडीपीला वस्तू-सेवा असतात, त्यांच्या किमती असतात. लाभांशाला किंमत कसली? म्हणून निव्वळ प्राथमिक उत्पन्नाला स्वतःचा असा डिफ्लेटर नाही. कोणता तरी सर्वसाधारण निर्देशांक लावावा लागतो. भारताच्या बाबतीत रक्कम लहान, जीडीपीचाच डिफ्लेटर लावला तरी चालेल. कुवेतसारख्या देशात, जिथे परदेशी गुंतवणुकीची कमाई मोठी आणि तेलाच्या भावावर सगळं हेलकावतं, तिथे असं करू नका. तेलाचा भाव दुप्पट झाला तर पिंपं तेवढीच निघतात, स्थिर किमतींचा जीडीपी जागचा हलत नाही, पण तेवढ्याच तेलात देशाला दुप्पट माल विकत घेता येतो. आपल्यासारख्या तेल आणणाऱ्या देशाचं बरोबर उलट. 'वास्तव उत्पन्न' म्हणायचं असेल तर आयात-निर्यातीच्या भावांतला हा नफा-तोटा मिळवायला हवा.

डॉलरचा मोह

६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन झालं, एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे होते ते साडेसात झाले. शंभर रुपयांचं उत्पन्न २१ डॉलर होतं, ते १३.३३ वर आलं. डॉलरमधल्या आलेखावर देश एका रात्रीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गरीब झाला. आदल्या दिवशी गिरणगावातल्या कामगाराला जेवढं धान्य परवडत होतं तेवढंच दुसऱ्या दिवशी परवडत होतं. जुलै १९९१ मध्येही आलेखाला असाच खड्डा पडतो.

काळाच्या ओघातली वाढ मोजायची तर रुपयातच मोजा. देशांची तुलना करायची असेल तेव्हाच डॉलर, आणि तोही जागतिक बँकेच्या अ‍ॅटलास पद्धतीनं. त्यात चालू आणि आधीच्या दोन वर्षांचा विनिमय दर, महागाईच्या फरकानं दुरुस्त करून, सरासरी काढून वापरतात; त्यामुळे धक्के बोथट होतात. दर १ जुलैला देशांचे गट याच आकड्यावर ठरतात. जुलै २०२५ च्या यादीत दरडोई १,१३५ डॉलरपर्यंत कमी उत्पन्नाचे देश, ४,४९५ पर्यंत निम्न-मध्यम, १३,९३५ च्या वर उच्च. भारत निम्न-मध्यम गटात. या मर्यादा दरवर्षी बदलतात, म्हणून 'देश गटात वर चढला' हे वाचताना तेव्हाची मर्यादा बघा. राहणीमानाची तुलना हवी असेल तर क्रयशक्ती समानतेचा (कुठल्या देशात पैशाला किती माल येतो ते धरून काढलेला) आकडा, पण त्याची मालिका आणखी मोठ्या उजळण्या सोसते, म्हणून पन्नास वर्षांची रेघ त्यावर ओढताना सावध राहा.

माणशी किती, आणि दर कसा

दरडोईसाठी भाजक म्हणजे लोकसंख्या, आर्थिक वर्षाच्या मधली, म्हणजे १ ऑक्टोबरची. २०११ नंतर जनगणना लांबली, त्यामुळे तेव्हापासूनची लोकसंख्या हा अंदाजच आहे. नवी जनगणना आली की २०११ पासूनची वर्षं पुन्हा भागून घ्यावी लागणार. दर जनगणनेनंतर असं होतच आलंय.

वाढीचा दर काढताना दोन टोकांची निवड सगळं ठरवते. १९७९-८० हे दुष्काळाचं साल, उत्पन्न ५.२ टक्के घटलेलं. तिथून सुरुवात केली की ऐंशीचं दशक झळाळून निघतं. २०२०-२१ पासून मोजलं की आजचंही. सुरुवातीला आणि शेवटी तीन-तीन वर्षांची सरासरी घ्या, किंवा लॉगच्या रेघेचा चढ काढा.

आणि वार्षिक दर चक्रवाढीनं. २०११-१२ ते २०२४-२५ या तेरा वर्षांत स्थिर किमतींचा जीडीपी ८७.३६ वरून १८७.९७ झाला, म्हणजे २.१५ पट. ११५ टक्क्यांना १३ नं भागून 'दरवर्षी ८.९ टक्के' असं लिहिलेलं मी छापून आलेलं वाचलंय. तेरावं मूळ काढा, ६.१ टक्के येतात. चालू किमतींमध्ये तोच दर १०.८, आणि डिफ्लेटरचा ४.४. तिन्ही एकमेकांशी जुळतात का ते बघा: १.०६१ गुणिले १.०४४ म्हणजे १.१०८ च्या जवळ. हा ताळा जुळला नाही तर पुढे जाऊ नका.

महाराष्ट्राचं जीएनआय काढायचंय, असा विषय घेऊन यंदा एक मुलगी आली होती. असं काही छापलं जात नाही. राज्याची आर्थिक पाहणी देते ते राज्याच्या हद्दीत निर्माण झालेलं उत्पन्न. खेड-चिपळूणच्या घरात मुंबईहून किंवा आखातातून येणारा पैसा त्यात नाही, आणि मुंबईतल्या कंपनीचा जो नफा देशभरच्या भागधारकांकडे जातो तो तिथल्याच खात्यावर राहतो. राज्यांच्या सीमेवर व्यवहारतोल कुणी मोजत नाही. तिला मी विषय बदलून दिला, रत्नागिरी जिल्ह्यातल्या बँक ठेवी आणि जिल्हा उत्पन्नाचं गुणोत्तर.

आलेख झाला की खाली टीप. माझ्या वर्गाला मी हा नमुना देते, जागा भरून घ्या:

'भारताचं बाजारभावानं स्थूल राष्ट्रीय उत्पन्न, २०११-१२ च्या किमतींना, लाख कोटी रुपये, आर्थिक वर्षं. २०११-१२ पासून मूळ मालिका. २००४-०५ ते २०१०-११ नोव्हेंबर २०१८ ची मागे नेलेली मालिका. त्याआधी २००४-०५ पायाची मालिका, २००४-०५ या सामाईक वर्षाच्या गुणकानं जोडलेली. शेवटचं वर्ष हंगामी अंदाज, मे २०२५ ची प्रसिद्धी. निव्वळ प्राथमिक उत्पन्नाला जीडीपीचा डिफ्लेटर लावला आहे.'

आणि जिथे जोड आहेत त्या वर्षांवर आलेखात उभी तुटक रेघ काढा, फिकट राखाडी. रंगीत काढली की परीक्षक तिलाच घटना समजतात.